केकचा एसी आणि आमचा ड्रम

आमच्या घरात एसी आला तो माणसांसाठी नव्हे, केकसाठी.

माणसांना एसी लागतो, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही कधी आलं नव्हतं. विरार पूर्वेला फुलपाड्यात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वर गच्ची, गच्चीवर ऊन, आणि त्या उन्हाच्या बरोबर खाली आम्ही. मे महिन्यात घाम यायचा, तो टॉवेलनं पुसायचा आणि 'यंदा जरा जास्तच आहे, नाही?' असं दरवर्षी म्हणायचं, एवढीच आमची गारव्याची व्यवस्था होती. पण केकला घाम आला तर तो टॉवेलनं पुसता येत नाही. हे मी स्वतः पुसून पाहिल्यामुळे खात्रीनं सांगू शकतो.

झालं असं, की माझी बायको सुलभा केक करायला शिकली. ती वसईच्या एका शाळेत क्लार्क होती आणि फिलोमिनाबाई तिथे शिवण शिकवायच्या. सगळी शाळा त्यांना फिलूमावशी म्हणायची. त्यांनी सुलभाला आपल्या स्वयंपाकघरात उभं करून अंडी फेटण्यापासून आयसिंगची फुलं काढण्यापर्यंत सगळं शिकवलं. (आमची आई म्हणाली, "आमच्यात गोड म्हणजे शिरा. त्याला फुगावं लागत नाही!" मग तिनं पहिला केक खाल्ला आणि उरलेला कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.)

पुढे फिलूमावशींच्या मुलीचं, शर्लीचं लग्न ठरलं. घरातले म्हणत होते केक बेकरीतून आणू. मावशींचा भाऊ तर म्हणाला, "लग्नाचा केक काय शिकाऊ बाईकडं द्यायचा?" मावशी म्हणाल्या, "शिकवली कोणी? मी! केक माझी सुलूच करेल." सुलभा त्या दिवशी घरी आली ती हसत होती आणि रडतही होती. तीन मजली केक, वर पांढरंशुभ्र आयसिंग, त्यावर फुलं. मावशींनी सगळ्या घराशी वाद घालून आपल्यावर भरवसा टाकलाय, आणि तो फुकट जाता कामा नये, हे तिनं मनावर घेतलं ते घेतलंच. झोपेतसुद्धा तिचा उजवा हात फुलं काढायचा.

सरावासाठी तिनं एक छोटा केक केला. सकाळी फुलं जागेवर होती. दुपारी ती घसरायला लागली. चहाच्या वेळेपर्यंत सगळी फुलं केकच्या पायथ्याशी येऊन जमली होती. मी टॉवेल आणला. त्याबद्दल वर सांगून झालंच आहे.

"एक दिवस हॉल गार राहिला ना, तरी पुरे," सुलभा म्हणाली.

आता, मला एक रोग आहे. मला स्वस्थ बसवत नाही. बायको साधं बोलली तरी मी उठून काहीतरी करायला लागतो. (घरातलं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं म्हणून मी ते उघडलं होतं. त्यानंतर ते कधीच मागे पडलं नाही. पुढेही गेलं नाही.) तेव्हा आमचं फोर्टमधलं ऑफिस नव्या जागेत हलत होतं आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमधला जुना एसी कुणालाच नको होता. हा भिंतीवर टांगायचा नव्हे, जमिनीवर उभा राहणारा, माझ्यापेक्षा टीचभर उंच. मी तो मागितला. साहेब इतक्या पटकन 'हो' म्हणाले, की तिथेच मला संशय यायला हवा होता.

टेम्पोतून एसी फुलपाड्यात आला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्यात अडकला. वर जाईना, खाली येईना. हमाल वर, मी खाली, मध्ये एसी. त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरचे म्हात्रेकाका दार उघडून बाहेर आले. म्हात्रेकाका मूळचे इथलेच. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा भात पिकायचा. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुठेही काहीही झालं तरी ते आपल्याच शेतात झालंय, अशा आवाजात ते बोलतात.

"सावंत! ह्ये काय? कपाट?"

"एसी आहे, काका."

"उभा?"

"उभाच असतो हा."

"मंग उचलता कशाला? हात धरून चालवत न्या की!"

शेवटी त्यांनीच खांदा लावला आणि एसी वर पोचला. आईनं चष्मा लावून त्याच्याभोवती एक फेरी मारली, समोरची जाळी ठोठावून पाहिली आणि विचारलं, "ह्याला कप्पे कुठे आहेत?"

बसवायला आला सुनील. सुनील म्हणजे सुलभाचा धाकटा भाऊ. राहायला चंदनसारला, आणि एसी बसवणं हाच त्याचा धंदा. मेव्हण्याला एखादी गोष्ट आपल्यापेक्षा जास्त कळते, हे मान्य करायला मला नेहमीच जड जातं. त्यातून आमच्या लग्नात कानपिळी त्यानंच केली होती. रीत म्हणून भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ते ठीक. पण ह्यानं रीतीपेक्षा जास्त पिळला होता, असं माझं आजही मत आहे.

"भाऊजी, मशीन भिंतीला धरून ठेवायचं," तो ड्रिल काढत म्हणाला. "मागून दोन क्लॅम्प मारतो."

"एवढं जड धूड! ते काय पळून जाणार आहे?"

"पळणार नाही. पडेल. उंच आहे, धक्का लागला की तोंडावर येईल."

"आमच्या घरात एसीला धक्का कोण मारतंय?"

त्यानं क्लॅम्प मारले. मग थेट मीटरच्या बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढली, अर्थिंग तपासलं, आणि दाराजवळच्या बोर्डात एक नवा, खटक्याचा पांढरा ठोकळा बसवला. "कुठे पाणी शिरलं, करंट गळायला लागला, की ह्याचा खटका आपोआप पडतो आणि घरातली सगळी लाइट बंद होते. पडला तर तुम्ही तो वर करायचा नाही. मला फोन करायचा. कळलं, भाऊजी?"

"कळलं रे! मी काय लहान आहे?"

(मधल्या वेळेत आई नारळ घेऊन आली होती. कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिच्या पायाशी नारळ फुटायलाच हवा. सुनीलनं एसी आणि नारळ यांच्यामध्ये स्वतःला घातलं आणि नारळ उंबऱ्यावर फोडून घेतला. एसीला नुसतं कुंकू लागलं.)

"आणि शेवटचं," सुनील म्हणाला. एसीच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर एक पांढरा पाइप होता. तो भिंतीतल्या भोकातून बाल्कनीत गेला होता आणि तिथल्या मोरीवर येऊन थांबला होता. "ह्या पाइपला उतार हवा. शेवटपर्यंत उतार. कुठे उचलायचा नाही, वळवायचा नाही. पाणी आपणहून खाली गेलं पाहिजे."

"कसलं पाणी?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"हवेतलं हो, आई. हवा गार झाली की तिच्यातलं पाणी सुटतं."

"किती?"

"इथली हवा दमट आहे. दिवसभर चाललं तर बादल्या भरतील."

हे वाक्य विरारच्या माणसासमोर बोलायला नको होतं!

ज्यांनी त्या काळात विरार पाहिलं नाही, त्यांना हे समजायचं नाही. नळाला पाणी यायचं ते नळाच्या मर्जीनं. टँकर यायचा तो टँकरच्या मर्जीनं. प्रत्येकाच्या बाल्कनीत एक निळा ड्रम, आणि पाहुणा दारात आला की 'कसे आहात?' असं न विचारता 'तुमच्याकडे आलं का?' असं विचारायची पद्धत. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपडे धुतलेलं संडासाला, अशी प्रत्येक थेंबाची दोनदोनदा नेमणूक झालेली. आणि इथे हा मेव्हणा सांगत होता, की हवेतून बादल्या भरतील आणि त्या मोरीत जाऊ द्यायच्या!

सुनील जिना उतरला नसेल तोच आईनं पाइपखाली बादली ठेवली.

एसी सुरू झाला. हॉल गार झाला, सुलभा हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "आता होईल!" पण आई आणि मी बाल्कनीत होतो. टप. टप. टप टप टप. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त बादली भरली. आईनं त्यात बोट बुडवलं. "गार आहे गो बाई!" असं ती कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. सुलभा केकच्या पक्षात. आई आणि मी पाण्याच्या पक्षात. सुलभा शाळेत गेली की आई एसी लावायची आणि हॉलकडे पाठ करून बाल्कनीत बसायची. त्यात मला एक शोध लागला. खिडकी उघडी ठेवली की बाहेरची दमट हवा आत येते आणि पाणी जास्त पडतं! हॉल गार होत नाही, ही एक किरकोळ अडचण. त्या आठवड्यात फुलपाड्यात एसी लावून खिडक्या सताड उघड्या ठेवणारं आमचं एकच घर असेल.

"खिडकी कुणी उघडली?" सुलभा आल्या आल्या विचारायची.

"वारा," आई म्हणायची.

हे पाणी प्यायचं नाही, असं सुनीलनं बजावलं होतं. पण लादी पुसायला, झाडांना, संडासाला ते उत्तम! बातमी बिल्डिंगभर झाली. शुक्रवारी म्हात्रेकाका वर आले. चढण्याआधी घसा खाकरून आले, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"सावंत, तुमच्या त्या कपाटाचं पानी जरा आमालापन द्या. लादी पुसाया."

मला असा मोका आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. टँकर आला की म्हात्रेकाकांचा पाइप पहिला लागायचा, आणि आज ते माझ्या दारात उभे होते. मी आमची निळी बादली भरून आणली. तिची कडी तुटलेली होती, तिथे मी सुतळी बांधली होती. बादली त्यांच्या हातात देताना मी एखाद्या संस्थानिकासारखा म्हणालो, "जपून न्या, काका. सांडू नका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते बादली घेऊन खाली गेले.

शनिवारी लग्न. संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग मांडवात केक कापायचा. सुलभानं आदल्या दिवशीच तिन्ही मजले रचून आयसिंग करून ठेवलं होतं आणि सकाळी उठून फुलं काढली होती. हॉलच्या टेबलावर केक उभा होता. खरं सांगतो, सुंदर होता. मी माणूस केकचा नाही, पण त्याच्याकडे बघून माझा ऊर भरून आला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसी गारेगार. केक न्यायला टेम्पो दुपारी यायचा होता. सुलभा रिबिन आणि शिवायला टाकलेला ब्लाउज आणायला बाजारात निघाली. दारात चपला घालताना तिनं मला एकच काम सांगितलं.

"अहो, कशालाही हात लावू नका."

ती गेली. मी खुर्चीवर बसलो. उठलो. केक पाहिला. बसलो. बाल्कनीत गेलो. बादली भरत आली होती. आज दिवसभर एसी चालणार, आम्ही सगळे लग्नाला जाणार, मग ती बादली ओतणार कोण? डोळ्यांदेखत सगळं पाणी मोरीत जाणार! शेजारी निळा ड्रम रिकामा. टँकर आठवडाभर आला नव्हता. मी ड्रमकडे पाहिलं. पाइपकडे पाहिलं. आईकडे पाहिलं.

"पाइप ड्रमात सोडला तर?" मी म्हणालो.

"मी तेच म्हणणार होते," आई म्हणाली.

आता ड्रम माझ्या कमरेपेक्षा उंच, आणि पाइप जेमतेम बादलीच्या उंचीवर. पण मोरीजवळ एक रबरी नळीचा तुकडा पडला होता. मी तो पाइपला जोडला, वर उचलला, ड्रमाच्या तोंडात सोडला आणि हलू नये म्हणून सुतळीनं बांधला. काम इतकं नेटकं झालं, की मी दोन पावलं मागे सरून ते बघत राहिलो. सुनीलनं दहा वर्षांत शोधलं नसतं ते मी दहा मिनिटांत केलं होतं.

नेमका तेवढ्यात सुनीलचा फोन. (मोबाइल नवे होते. आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, त्यामुळे कुणी दोन वाक्यांपलीकडे बोलायचं नाही.)

"भाऊजी, सगळं ठीक? पाइप खाली आहे ना?"

"आहे, आहे!" मी म्हणालो. पाइपचं एक टोक खालीच होतं.

मी ड्रमाला कान लावला. टप नाही. थोडं थांबलो. टप नाही. आईनं कान लावला. तिलाही काही ऐकू आलं नाही. मी विचार केला, की खिडक्या बंद असल्यामुळे हॉलमधली हवा कोरडी झाली असणार, पाणी सुटणार कुठून? मी पडद्यामागची खिडकी चार बोटं उघडली. फक्त चार बोटं! मग आठ केली.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, एसी थांबला. आता विरारमध्ये लाइट जाणं म्हणजे काय! आमच्याकडे लाइट गेली की कुणी उठतही नाही. लोडशेडिंगची वेळ नव्हती, पण लोडशेडिंगनं वेळ कधी पाळली होती? आईनं ताडाचा पंखा घेतला. मी दुसरी खिडकीही उघडली आणि 'येईल आत्ता' म्हणत सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. पाय वर घेतल्यामुळेच मला खालचं काही कळलं नाही. दाराजवळच्या पांढऱ्या ठोकळ्याचा खटका पडलेला होता, पण तिकडे बघायचं मला सुचलंच नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. दारावर धाडधाड थापा पडायला लागल्या.

"सावंत! अवो सावंत!"

दार उघडलं. म्हात्रेकाका. डोक्यावरचे केस ओले, बनियनचा एक खांदा ओला.

"पानी येतंय आमच्या हॉलात! वरतून! टीव्हीवर!"

"टीव्ही? लाइट कुठे आहे?"

"म्हंजे? आमची लाइट हाय! टीव्ही चालू हाय! बंद कराया उठलो म्हनून तर डोक्यावर पडलं!"

मी बोर्डाकडे पाहिलं. मग हळूहळू जमिनीकडे पाहिलं. एसीच्या पायापासून पाण्याचा एक चकचकीत पट्टा सोफ्याखालून भिंतीच्या कोपऱ्याकडे गेला होता आणि तिथल्या फटीतून निवांतपणे खाली उतरत होता. ड्रमाकडे वर चढायचं सोडून पाणी मशीनमध्येच साठत गेलं होतं आणि काठोकाठ भरून सांडलं होतं.

"मी पानी मागितलं व्हतं," काका ओरडले, "पन बादलीतनं मागितलं व्हतं!"

असं म्हणत ते तरातरा आत आले, आणि ओल्या लादीवर त्यांचा पाय सटकला. समोर केक. मी डोळे मिटले. धप्प असा आवाज आला. डोळे उघडले तर म्हात्रेकाकांनी एसीला कडकडून मिठी मारली होती. काकांचं सगळं वजन त्याच्यावर, पण एसी जागचा हलला नव्हता. त्याच्यापासून हातभर अंतरावर केक उभा होता. सुनीलचे दोन क्लॅम्प नसते, तर एसी, काका आणि केक हे तिघंही एका ढिगात सापडले असते.

त्याच वेळी उघड्या दारात सुलभा येऊन उभी राहिली. हातात रिबिन. तिनं बंद एसी पाहिला, सताड उघड्या खिडक्या, पाणी, एसीला मिठी मारलेले काका आणि मी. मग केक पाहिला. मागच्या बाजूची फुलं खाली निघाली होती. मधल्या मजल्यावर बारीक घामाचे थेंब उमटले होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात मला नकोसं झालेलं ते एकच पाणी. मला फार वाईट वाटलं. पळून जावंसं वाटलं, पण दारात म्हात्रेकाकांच्या घरातली माणसं उभी होती.

चंदनसारहून सुनील स्कूटर ताणत आला. आल्या आल्या त्यानं बाल्कनीतली माझी सुतळी कापली आणि नळी खाली सोडली. भडाभडा पाणी मोरीत गेलं. मग त्यानं एसीचं खालचं झाकण काढून आत टॉर्च मारला आणि मान हलवली.

"आतला बोर्ड भिजलाय. पूर्ण वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. हा ठोकळा नसता ना, तर ओल्या लादीवर पाय टेकवताच तुम्ही..." त्यानं माझ्या कानाकडे पाहिलं. मी हात कानावर नेला.

"म्हंजे केक ग्येला?" म्हात्रेकाकांनी विचारलं. आतापर्यंत त्यांना तो केक कुणाचा, कशाचा, काही ठाऊक नव्हतं. सुलभानं डोळे पुसत सांगितलं, की तिला शिकवणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न आहे आणि त्यांनी घरच्यांशी भांडून केक हिच्याकडे दिलाय. काका तडक वळले आणि आपल्या शेतातल्या आवाजात खिडकीतून खाली ओरडले, "अरं, भाऊला फोन लावा! त्याच्या टेम्पोत बरफ हाय का बघा!"

त्यांचा भाऊ बंदरावरून मासळी आणायचा. अर्ध्या तासात आमच्या हॉलमध्ये बर्फाच्या लाद्या आल्या. खिडक्या लावल्या, टेबलाच्या चारी बाजूंना टब, टबात बर्फ. म्हात्र्यांच्या घरून वायर सोडून टेबलफॅन लावला. हॉल गार झाला. घाम थांबला. घसरणारी फुलं जिथल्या तिथे थांबली, आणि सुलभा नवी फुलं काढायला लागली.

फक्त बर्फ पापलेटचा होता.

"वास येतोय का?" सुलभा दर पाच मिनिटांनी विचारायची.

"अजिबात नाही," आम्ही सगळे श्वास रोखून सांगायचो.

दुपारी टेम्पोत मी केकशेजारी बसलो. दोन्ही हात मांडीखाली दाबून. हा सुलभाचा हुकूम होता.

फिलूमावशींचं घर वसईला किनाऱ्याजवळ. आवारात मांडव, आणि वाऱ्यावर शेजारच्या वाळत घातलेल्या मासळीचा घमघमाट. एवढ्या वासात केकवर संशय येणं शक्यच नव्हतं! मी मनातल्या मनात सगळ्या बोंबलांचे आभार मानले. मागची बाजू दुरुस्त करायला वेळ पुरला नव्हता, म्हणून सुलभानं ती भिंतीकडे केली. सगळे 'वा' म्हणाले. मावशी मात्र सरळ केकच्या मागे गेल्या. मी पुन्हा डोळे मिटले.

"सुलू, मागं काय झालं गो?"

सुलभानं खरं ते सांगितलं. एसी, पाइप, ड्रम, बर्फ, पापलेट, सगळं. मावशी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की फादर वळून बघायला लागले.

"माझ्या लग्नाच्या केकवर कोंबडी बसलेली," त्या म्हणाल्या. "तिची पावलं मी क्रीमनं बुजवली. केक कापून निघाला, खाल्ला, लोकं हात चाटत घरी गेली. बास! तू पास झाली."

बेकरीचा आग्रह धरणारे त्यांचे भाऊ तिसरा तुकडा घेत होते. सुलभा त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या गोंधळानंतर पहिल्यांदाच रंग आला होता. तिनं माझ्याकडेही पाहिलं. ते पाहणं बरं होतं, एवढंच मी म्हणेन.

रविवारी सकाळी जाग आली ती वासानं. बंद हॉलमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी रात्रभर मुरलं होतं. बंदरावर झोपल्यासारखं वाटत होतं. सुलभानं कोपऱ्यातलं फडकं माझ्या हातात दिलं. नळ उघडला. नळानं एक उसासा टाकला. टँकर आला नव्हता. बादल्या शनिवारच्या गोंधळात संपल्या होत्या. मी ड्रमाचं झाकण उघडून आत डोकं घातलं. आत एक थेंब नव्हता!

"म्हात्र्यांकडे बघ," आई म्हणाली. (ती आता केकच्या पक्षात गेली होती.)

मी एक मजला उतरलो. घसा खाकरला. काकांनी दार उघडलं. त्यांच्यामागे छतावर माझ्या पाण्याचा मोठा पिवळा डाग होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"काका, थोडं पाणी मिळेल का? लादी पुसायला."

काका आत गेले आणि बादली घेऊन आले. निळी बादली. तुटलेल्या कडीला सुतळी. आत परवाचं, मीच दिलेलं पाणी, तसंच्या तसं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाले, "जपून न्या, सावंत. सांडू नका."